फायली आल्या, जागा नाय आल्या

जगन: आते, तुझी शप्पथ. ह्या वेळी मस्करी नव्हती.

धोंडुबाई: माझी शप्पथ घेऊ नको. मागल्या येळेला घेतलीस आनि दुसऱ्या दिशी माझ्या लॅपटॉपात कोंबडा सोडलास.

जगन: आवाज होता गो नुसता. चालू केला की आरवायचा. तुला उठायला बरं म्हणून टाकला.

धोंडुबाई: नाथाची बायको टोपली घेऊन दारात उभी. गटारी जवळ आली, कोंबडा इकाचा हाय का इचारते. मी बोलते आमच्यात कोंबडा नाय, आनि आतून ह्यो मेला आरवतो! आता ती सगल्या गावात सांगते, धोंडुबाई कोंबडा लपवून ठेवते.

नम्रता: आई, कोंबडा राहू दे. जगनदादा, मी रोह्यावरून हाफ डे टाकून आलेय. ऐकून घे. संध्याकाळी सहाला गावात बैठक आहे. बांधाची यादी आईकडे ठेवायची की कंपनीतल्या मिथुनकडे द्यायची, ते आज ठरणार. चार दिवसांनी अमावास्येचं उधाण. त्याआधी हा लॅपटॉप आईच्या हाताला बसला नाही तर विषय संपला.

जगन: नमे, मी कुठं नाय बोलतोय? पन्नाशी आली माझी. आयुष्यात पयल्यांदा सरळ काम केलं आणि सगळं पेण तालुका म्हणतो जगन्याने मस्करी केली.

नम्रता: माझ्या लग्नात माईकवर बोललास, नवरदेवाच्या गाडीची चावी सापडली आहे, ओळख पटवून घेऊन जावी.

जगन: मग? चावी त्याच्याच खिशात होती.

नम्रता: मंगलाष्टकं चालू होती दादा! ह्यांनी बाशिंग सांभाळत सगळे खिसे उलटे केले. सासूबाई अजून काढतात.

धोंडुबाई: माहेरचा म्हनून तुझ्याकडं येते, नाय तर पेनमदे लॅपटॉपची दुकानं काय कमी हायेत?

जगन: बरं, पाय धरतो. पण झालं काय ते मला नीट सांगशील का? फोनवर तू वीस मिनिटं शिव्या दिल्यास. शिव्या भारी होत्या, दोन मी लिहून घेतल्या. पण हकीकत त्यात नव्हती.

धोंडुबाई: आईक मग. खाडीच्या कडेनं आपला बांध, त्याचे अकरा तुकडे. बरोबर?

जगन: बरोबर.

धोंडुबाई: उधान आला की प्रत्येक घरातला एक मानूस बांधावर. कोन कुठल्या तुकड्यावर ते दर उधानाला फिरतं, म्हंजे सारखं त्याच घराच्या वाट्याला वाईट तुकडा नको. म्हनून यादी लागते. ही पाळीपाळीनं बांधराखन म्हंजेच आपला जोळ.

नम्रता: मी किती वेळा सांगितलं, बांध बघायला सरकारी खातं आहे.

धोंडुबाई: हाय ना. त्यांची मानसं चांगली हायेत, पन ती येतात कागद निघाल्यावर. पानी कागदाची वाट बघत नाय. आनि वही बोलशील, तर एक वही भिजली, दुसरी उंदरानं खाल्ली. मग तू बाळंतपनाला आलीस, तुझी पोर झोपली की मना ह्यावर शिकवलंस. चार वर्सं यादी ह्याच्यात. एकदा चुकली नाय.

जगन: नाय चुकली. मग?

धोंडुबाई: प्रत्येक तुकड्याची एक फाईल. आनि ती फाईल पडद्यावर तिथंच, जिथं तो तुकडा हाय. वर डोंगर, खाली खाडी. उजव्या हाताला खाली उघाडी, म्हंजे पानी सोडाचा दरवाजा. तिथून बांध डावीकडं जातो, मदी पोट काढतो, मग वर चढतो. तशाच माझ्या फायली.

जगन: थांब, थांब. तू पडद्यावर बांध मांडलेला? आख्खा?

धोंडुबाई: मग काय रांगोळी मांडीन?

नम्रता: आणि फायलींची नावं काय, विचार तिला.

जगन: काय?

नम्रता: 'नवीन'. 'नवीन दोन'. 'नवीन तीन'. अशी अकरापर्यंत.

जगन: अरे देवा.

धोंडुबाई: नाव कशाला लागतं? आपल्या घराच्या दाराला तू नाव घालतोस? जागा ठाऊक असते.

जगन: आणि मी काय केलं... जुनी सिस्टम काढली, लिनक्स घातलं. फायली पेनड्राईव्हवर घेतल्या, परत आणल्या, दोनदा मोजल्या. अकराच्या अकरा. छाती फुगवून लॅपटॉप तुझ्या हातात दिला.

धोंडुबाई: फायली आल्या रे. जागा नाय आल्या.

जगन: मग तू फोन केलास, पडदा मोकळा हाय, सगळं गेलं. मी येऊन फायली बाहेर काढून दिल्या आणि...

नम्रता: आणि ओळीत उभ्या केल्यास. शाळेत प्रार्थनेला करतात तशा.

जगन: मला वाटलं नीटनेटकं दिसतं!

धोंडुबाई: पौर्निमेला बाराच्या सुमाराला भरती. वारा उलटा. पानी चढाया लागला, फोनवर फोन, मी घाईत. उजव्या हाताची खालची फाईल उघडली, नावं वाचली, बोलले उघाडीवर पळा. ती नावं दुसऱ्याच तुकड्याची. एका तुकड्यावर दोन तुकड्यांची मानसं तंबाखू मळत उभी, आनि पोटाच्या तुकड्यावर, जिथं पानी धडकतो, तिथं कोन नाय. खांड पडली. मिनीडोर गाडी जाईल एवढी.

जगन: बापरे. मग?

धोंडुबाई: नाथा चिंबोऱ्यांचं बघाया गेलेला. त्यानं बोंब मारली. सगली धावली, पेंढा, चिखल, कोनी दाराची फळी आनली, बुजवली. पन गिरजाबाईच्या लावनीत खारं पानी गेलं ते गेलं. नंतर चार दिवस पाऊस लागला म्हनून रोप वाचलं. गिरजाबाई बोलत नाय माझ्याशी. मी आनि तिनं वडखळ नाक्यावर एका टोपलीतून चिंबोऱ्या इकल्यात, लग्न झाल्या वर्सापासून.

जगन: जिवाला लागलं. मस्करीत कोणाचं कधी एवढं बिघडवलं नव्हतं.

धोंडुबाई: बस आता. रडू नको, काम कर. मना माझा जुना पडदा परत दे.

जगन: जुनी सिस्टम देऊ? ती ह्या खटाऱ्यावर चालायची कशी आठवतंय ना?

धोंडुबाई: नको नको! भरती डोक्याशी आलेली आनि ह्यो बोलतो, तीस टक्के झालं, बंद करू नका. ती नको. दिसाया जुनी पायजे, वागाया नको.

जगन: तेवढंच पायजे ना? मग आहे. बघ, लिनक्स म्हणजे इंजिन. वर बॉडी कुठली बसवायची ते आपल्या हातात. त्याच इंजिनवर मिनीडोर कर नाय तर टेम्पो. ह्या बॉडीला म्हणतात डेस्कटॉप. मी तुला घातली ती एकदम नवीन फॅशनची.

नम्रता: का पण? खाली पट्टी नाही, कोपऱ्यात मेनू नाही. खिडकी खाली बसवायचं बटणसुद्धा नाही. आईने दोन दिवस ते बटण शोधलं.

जगन: मला आवडते ती! कोपऱ्यात बाण नेला की सगळ्या खिडक्या कशा भुर्रकन बाजूला होतात. मी दुकानात एकटा बसून तेच करत असतो.

धोंडुबाई: म्हंजे तुला भात आवडतो म्हनून मना भात.

जगन: व्हय. तेच झालं. आता ह्या तीन पेनड्राईव्ह. प्रत्येकात वेगळी बॉडी. आत काय घालायचं नाय, नुसतं चालवून बघायचं. आवडली तर ठेवू, नाय तर काढ. ही पयली घे.

नम्रता: किती वेळ लावतंय.

जगन: पेनड्राईव्हवरून चालतंय, आणि लॅपटॉप तुझ्या कॉलेजातला. त्याला दम लागणारच. आला. बघ आते, काय रंग! ह्याच्यात सगळं बदलता येतं. पट्टी वर घे, बाजूला घे, घड्याळ गोल कर, खिडकी ओढली की जेलीसारखी हलते.

धोंडुबाई: पन मना काय बदलाचंच नाय.

जगन: बदलू नको. पण येतं.

धोंडुबाई: ह्ये काय दाबलं गेलं माझ्याकडून? पट्टी कुठं गेली? जगन! पट्टी!

जगन: काय नाय, सरकली. आणतो. आली.

धोंडुबाई: मेल्या, ह्यो लग्नातला मांडव हाय. बघाया झकास. मांडवात ऱ्हातं का कोन?

नम्रता: दुसरी लाव.

जगन: ही हलकी. एक्सएफसीई म्हणतात. नाव तेवढं अवघड, वागायला एकदम गरीब. माझ्याकडं जुने लॅपटॉप येतात त्यातल्या निम्म्यांना मी हीच घालतो.

धोंडुबाई: हां. खाली पट्टी. डाव्या कोपऱ्यात मेनू. थांब, मी दाबते. लिहायचं हितं हाय, हिशेबाचं हितं, बंद कराचं खाली. ह्यो मानसांतला वाटतो.

नम्रता: लवकर पण चालतंय.

धोंडुबाई: फायली आन हितं. मी मांडते. ही उघाडी. ही तिच्या डाव्या हाताची. आता बंद करून चालू कर, जागा सांभाळतो का बघू दे.

जगन: पूर्ण बंद केला तर पेनड्राईव्हवरचा सगळं विसरतो. नुसतं बाहेर पडून परत आत येऊ, तेवढ्यात कळेल. हे बघ. गेलो. आलो.

धोंडुबाई: हायेत. जागच्या जागी हायेत गो नमू!

नम्रता: झालं तर मग. हीच घाल दादा, पावणेतीन झाले.

धोंडुबाई: थांब. ही सहावी बघ. मी ठेवते हितं, आनि ती जाते तिथं. परत ठेवते, परत जाते. हिला कोन ढकलतो?

जगन: ह्याच्यात न दिसणाऱ्या चौकटी असतात आते. कॅलेंडरसारख्या. फाईल कुठल्या ना कुठल्या चौकटीत बसते.

धोंडुबाई: बांध चौकटीत नाय बसत. हितं तो पोट काढतो. तू चौकटीत घातलास तर पोट सपाट झालं.

नम्रता: आई, बोटभर इकडेतिकडे झालं तर चालेल ना?

धोंडुबाई: पौर्निमेला बोटभरच झालं व्हतं.

जगन: ...नमे, तू ह्यावर काय बोलू नको. मीही नाय बोलत. तिसरी लावतो.

नम्रता: पण नावं दे ना फायलींना! म्हणजे कुठेही सरकल्या तरी कळेल. पाच मिनिटांत मी देते.

धोंडुबाई: नाव नको.

नम्रता: का पण?

धोंडुबाई: नको बोलले ना. जगन, हिचं नाव काय, तिसरीचं?

जगन: माटे.

धोंडुबाई: कोन माटे? पेनचे?

जगन: लांबचे हायेत. स्वभावाने आपल्यासारखे. जुन्या वळणाची मानसं होती, त्यांना नवीन फॅशन पसंत पडली नाय, म्हणून त्यांनी जुनंच धरून ठेवलं आणि डागडुजी करत चालवलं. तसा हा डेस्कटॉप. ह्या खटाऱ्याला जरा जड जाईल, एक्सएफसीईपेक्षा. ते नंतर बघू. आधी तुला पटतो का बघ. पट्टी खाली, मेनू कोपऱ्यात, असं ठेवलं. आणि आता इथं बाण ठेव, उजवं बटण दाब. काय लिहिलंय?

धोंडुबाई: इंग्रजी हाय.

नम्रता: 'ओळीत ठेवा' असं काहीतरी. पुढे बरोबरची खूण आहे.

जगन: ती खूण काढ. तू काढ आते, तुझा बांध हाय.

धोंडुबाई: काढली.

जगन: आता ठेव सहावी.

धोंडुबाई: ठेवली. ...नाय हलली.

जगन: जरा डावीकडं घे.

धोंडुबाई: आली. जिथं सोडली तिथं ऱ्हायली. नमू, बघ, आला पोट! ही सातवी जरा वर. ही आठवी, हितं खडक हाय, हितं चिंता नाय. नववी. बाहेर पडून आत ये रे.

जगन: गेलो. आलो.

धोंडुबाई: हायेत सगल्या. पन ह्यो डबा कसला? खाडीत?

जगन: कचऱ्याचा. नको असलेल्या फायली त्यात टाकायच्या.

धोंडुबाई: खाडीत कचरा टाकतोस? डोंगराकडं ने तो.

जगन: नेला डोंगराकडं. आणि काय हुकूम?

धोंडुबाई: हाच घाल.

जगन: एक सांगून ठेवतो, मागल्या वेळी सांगितलं नाय म्हणून मार खाल्ला. हे ट्रायल होतं. आत घातलं की फायली परत मांडायला लागतील.

धोंडुबाई: शंभरदा मांडीन. बांध कुठं हलतोय?

नम्रता: आणि जड जाईल बोललास त्याचं काय? आयत्या वेळी अडकला तर?

जगन: त्याचा बंदोबस्त ह्या खणात हाय. हा तुकडा बघ. मागल्या महिन्यात डोलवीच्या एका साहेबाचा लॅपटॉप माझ्या टेबलावर मेला. चहा पिऊन मेला बिचारा. साहेब बोलला ठेव तुला. त्याची ही मेमरी, तुझ्याला फिट बसते. दोनाची चार होईल.

धोंडुबाई: मेलेल्याची?

जगन: अवयवदान म्हण. पुण्य लागेल त्या साहेबाला. चल, पयलं फायली पेनड्राईव्हवर... अकरा. मोजल्या. आणि आता हा फोटो काढून ठेवतो तुझ्या मांडणीचा. हे मागल्या वेळी केलं असतं ना, तर गिरजाबाईची लावणी कोरडी राहिली असती. नमे, तू पण मोज.

नम्रता: अकरा. घाल.

जगन: चालू केलं. वीसएक मिनिटं. तोवर चहा सांगतो. लॅपटॉपपासून लांब प्यायचा.

नम्रता: आई, गावच्या ग्रुपवर बघितलंस का? सत्तेचाळीस मेसेज.

धोंडुबाई: कोन गेलं?

नम्रता: कोणी गेलं नाही. मिथुनने अमावास्येची यादी टाकलीये. बैठकीआधीच. लिहिलंय, 'काकींना आता आराम द्यावा, ही नवीन यादी, सुटसुटीत, प्रत्येक तुकड्याला नाव दिले आहे.'

धोंडुबाई: नाव दिलंय? काय नाव दिलंय?

नम्रता: 'पाटलांचा बांध.' 'म्हात्र्यांचा कोपरा.' 'नाथाची खांड.'

धोंडुबाई: मेला हा पोर.

जगन: का गो, काय झालं?

नम्रता: थांब, वाचते. 'पाटलांचा बांध कधीपासून? आमच्या आज्याने दगड घातलाय तिथं.' त्यावर पाटील, 'दगड घातला तो आमच्या बैलांनी ओढला.' मग कोणीतरी, 'बैल उसने नेलेले, परत आणले ते लंगडे.' नाथाकाका म्हणतात, 'खांडीला माझं नाव का? मी बोंब मारली म्हणून खांड माझी काय?' सहाजण ग्रुपमधून बाहेर. त्यातला एक परत आत आला, एक शिवी लिहिली आणि परत बाहेर पडला.

जगन: अगो दाखव, दाखव! मी गावात असायला पायजे होतो. सोन्यासारखी दुपार इथं फुकट चाललीय.

नम्रता: आई, म्हणून तू नावं घालत नव्हतीस?

धोंडुबाई: एकेका तुकड्याला तीन-तीन नावं हायेत. ज्याच्या घरात इचारशील त्याचं नाव. तुझा बाबा यादी बघायचा तेव्हा ह्याच नावावरून दोन वर्सं जोळ बंद पडलेला, तू ल्हान व्हतीस. त्या दोन वर्सांत तीनदा पानी आत. माझ्या हातात आलं तेव्हा मी ठरवलं, नावच नको. हात दाखवाचा, तिथं उभं ऱ्हावा. जागेशी कोन भांडतं?

नम्रता: मला का नाही सांगितलंस कधी?

धोंडुबाई: सांगितलं की नाव घ्यावं लागतं. ह्याचं आधी घेतलं की त्याला राग.

जगन: आते, तू राजकारणात असतीस तर मी तुझ्या गाडीचा ड्रायव्हर असतो.

नम्रता: श्श. गिरजामावशीने आवाज पाठवलाय. लावू?

धोंडुबाई: ...लाव.

गिरजाबाईचा आवाज: मिथुन, मना बांधाला नाव नको, बांधावर मानूस पायजे. धोंडी एकदा चुकली. तू तर पानी यायच्या आधीच चुकलास. सगल्यांना घराबाहेर काढलंस ते भांडाया. तिला फोन कर.

नम्रता: एवढंच आहे.

धोंडुबाई: परत लाव.

नम्रता: अगं तेच आहे.

धोंडुबाई: 'धोंडी' बोलली ना? परत लाव.

जगन: आते, चहा गार होतोय. ...आणि डोळ्यात काय गेलं ते पूस, किबोर्डवर पडेल. झालं बघ इन्स्टॉल. पेनड्राईव्ह काढतो, मेमरी बसवतो, चालू करतो, फायली परत टाकतो. कोंबडा नाय, शप्पथ नाय, काय नाय. घे.

धोंडुबाई: ओळीत ठेवाची खूण पयली काढते. निघाली. ही उघाडी...

जगन: फोटो बघ ना.

धोंडुबाई: फोटो तुला लागतो. फाईल उघडून घरं वाचली की मना कळतं कुठली. ही हितं. ही हितं. डबा डोंगराकडं. झालं. आता पुरा बंद कर. पुरा, झोपवू नको.

जगन: केला.

धोंडुबाई: चालू कर.

जगन: केला. बघ किती चटकन आला! साहेबाची मेमरी पावली.

धोंडुबाई: एक, दोन, तीन, चार, पाच, पोट, सात, आठ, नऊ, धा, अकरा. ...हायेत.

नम्रता: आई, मिथुनचा फोन येतोय.

(नम्रता फोन स्पीकरवर टाकते.)

मिथुन: काकी, नमस्कार. बिझी हाव काय? मी कंपनीतूनच बोलतोय, आता शिफ्ट सुटेल. ते ग्रुपवर जरा... जरा लोचा झाला.

धोंडुबाई: वाचला आमी.

मिथुन: मला वाटलं नावं दिली की सिस्टिमॅटिक होईल. आता अमावास्येला कोण कुठं उभा राहणार तेच क्लिअर नाय. तुमची यादी तयार हाय काय?

धोंडुबाई: इचार. कुठला तुकडा?

मिथुन: तो... आता नाव कसं घेऊ?

धोंडुबाई: नाव घेऊ नको. मनानं उघाडीवर उभा ऱ्हा, तोंड खाडीकडं. उभा ऱ्हायलास?

मिथुन: राहिलो.

धोंडुबाई: तुझ्या उजव्या हाताला चाललास. पयला तुकडा, तिथं पाच घरं हायेत, वाचते ती लिहून घे. त्याच्या पुढं पाचवा सोडलास की बांध पोट काढतो. तिथं मी आठ घरं लावल्यात. दोन जादा, मागल्या येळेला जे झालं त्याच्यामुलं. त्यात एक घर माझं. मी सोता उभी ऱ्हानार.

मिथुन: काकी, तुम्ही? ह्या वयात?

धोंडुबाई: चूक माझ्या यादीत झाली, माझं घर तिथं. आनि आईक, त्या दिशी गटारी हाय.

मिथुन: तोच तर मेन प्रॉब्लेम! पब्लिक पिऊन...

धोंडुबाई: म्हनून दुपारच्या भरतीला पुरुष. बाराच्या आत जेवन शिजत नाय, म्हंजे शुद्धीत असतात. रातच्या भरतीला सगल्या बायका. गटारीला रात्री पुरुष उभा केलास तर बांधानं त्याला धरून ऱ्हावं लागेल.

मिथुन: हे मी ग्रुपवर टाकू काय?

धोंडुबाई: शेवटचं नको टाकू. बाकी टाक.

जगन: मिथुनशेट, जगन बोलतोय पेणवरून. पौर्णिमेची चूक आतेची नाय, माझी. मी बैठकीला येऊन सगळ्यांसमोर सांगतो.

मिथुन: जगनभाऊ, तुम्ही आलात तर कोण खरं मानणार? लोक खुर्चीखाली फटाका शोधतील.

धोंडुबाई: तू नको येऊ. मी बोलते. गिरजाबाईसमोर बोलते, माझ्या तोंडानं.

मिथुन: काकी, मी बैठकीत सांगतो, यादी तुमच्याकडंच राहू दे. मला हे झेपणार नाय.

धोंडुबाई: ते बैठक ठरवील. आनि झेपत नाय असं बोलू नको. माझ्यानंतर कोनाला तरी झेपलं पायजे. भरलेला पडदा घेऊन कोन जन्माला येत नाय, भरावा लागतो.

मिथुन: मग मला शिकवाल? ते पडद्यावर बांध मांडायचं? नम्रताताईनं तुम्हाला दाखवलं तसं एकदा दाखवलंत की येईल मला. मी लॅपटॉप घेऊन येतो, उद्या सुट्टीच हाय.

धोंडुबाई: ये की. दुपारी तीनला ये, ओहोटीला. लॅपटॉप नको आनू. गाडी देवळापाशी ठेव, आनि बांधावरून चालत ये.